आलापल्ली ते भामरागड, बोलेरो ड्रायव्हरसह: चार स्टार, पाचवा कापला

पाच दिवसांचे पैसे मोजले आणि त्यातला सव्वा दिवस गाडी एका नाल्याच्या काठी अडकून होती. एसी नावालाच. मागच्या सीटला पट्टे नाहीत. ड्रायव्हर दिवसभर खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, चघळतो, म्हणून त्याच्या मागे बसणाऱ्यानं काच वर ठेवलेली बरी. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून बॉलपेननं लिहून दिलं. त्यात ‘चहापानी ६०’ लावलंय, ते कुणी केलं मला आजवर कळलेलं नाही. तरी चार स्टार देतोय, आणि का ते जरा सविस्तर लिहितो, कारण गडचिरोलीच्या दक्षिणेला कामानिमित्त जाणारे बरेच जण गाडी ठरवताना फक्त भाडं विचारतात. मीही तेच करायचो.

माझं काम फ्रिजचं. घरातले नाहीत, सरकारी दवाखान्यातले. लशी ठेवायला आइस-लाइन्ड फ्रिज असतात, आमच्या बोलीत आयएलआर. आतलं तापमान दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे, दिवसातून दोनदा वहीत नोंद होते, आणि नोंद बिघडली की मला फोन. नागपूरहून निघायचं, चंद्रपूर, गोंडपिंपरी, आष्टी करत आलापल्ली, आणि तिथून पुढे जिथं फ्रिज आजारी असेल तिथं. या वेळी पेरमिली, आरेवाडा आणि लाहेरी अशी तीन केंद्रं होती. ऑगस्टचा शेवट. म्हणजे जायची सगळ्यात वाईट वेळ, पण फ्रिजला ते कोण सांगणार.

निघताना शेजारचे नेहमी दोनच गोष्टी विचारतात. वाघ दिसतो का, आणि ‘ते लोक’ भेटतात का. इतक्या वर्षांत वाघाचे पंजे पाहिलेत, वाघ नाही. दुसऱ्या प्रश्नाला पूर्वी मी उत्तर द्यायचं टाळायचो. ऑक्टोबर २०२५मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, त्यानंतर लोक जरा मोकळं बोलतात. पण मला स्वतःला या भागात जे काही झालंय ते दोन गोष्टींनी. २०१६ साली डासानं, आणि मागच्या पावसाळ्यात एका ड्रायव्हरनं.

डासाचं नंतर सांगतो. ड्रायव्हरचं आधी.

मागच्या वर्षी शहरातल्या एका कंपनीची गाडी मोबाइलवरून ठरवली होती. नाव घेत नाही. गाडी चकाचक, एसी गार, पोरगा नम्र, पाण्याची बाटलीसुद्धा दिली. भाडं ट्रिपवर ठरलेलं, म्हणजे नेऊन आणून अमुक इतके. त्यात काय गोम आहे ते मला तेव्हा कळलं नाही. पोराला उशीर झाला की पुढची ट्रिप बुडते, म्हणून त्याचा पाय सतत दाबलेला. आष्टी सोडलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ओळीनं असतात, समोरून लाइट, वर पाऊस, कडेला डांबर खचलेलं. जंगलात भीती कसली वाटते असं मला कुणी विचारलं तर मी लगामच्या आसपासचा तो रस्ता सांगेन. दुसऱ्या दिवशी एका ठेंगण्या पुलावरून पाणी वाहत होतं, तर ‘सर, एवढंच तर आहे’ म्हणत त्यानं गाडी घातली. मध्यावर मागचं चाक सरकल्यासारखं झालं. अर्धा सेकंद असेल. पलीकडे गेल्यावर तो हसला. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला ढकलतं आणि दोन फुटांत जीपसुद्धा तरंगू लागते, हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर मधेच उतरलो असतो, आणि ते आणखी वाईट झालं असतं.

तर या वेळी आलापल्लीच्या चौकात विचारून गाडी घेतली. टायर-पंक्चरचं दुकान आहे, मालकाच्या तीन बोलेरो. पाटी नाही, कार्ड नाही, फोन लागला तर लागला. दिवसाला ३,२०० ड्रायव्हरसह, डिझेल वेगळं, आणि गाडी जिथं अडकेल त्या दिवसाचे अर्धे. हा शेवटचा नियम ऐकून मला वाटलं, चला, स्वस्तात पडलं. त्याचा खरा उपयोग नाल्यावर कळला.

ड्रायव्हर पन्नाशीचा, सगळे त्याला मामा म्हणतात, म्हणून मीही. माडिया, तेलुगू, मराठी, हिंदी, चारही भाषांत तो सारखंच कमी बोलतो. निघण्याआधी त्यानं गाडी तपासली, आणि मग मला तपासलं. माझ्या अंगात शेवाळी रंगाचं जाकीट होतं, पोरानं वाढदिवसाला दिलेलं.

‘हे काढा जी. दुसरं नाई का?’

दुसरं नव्हतं. तर त्यानं सीटमागून स्वतःचा निळा रेनकोट काढून दिला. वर्दीसारखा दिसेल असा रंग घालायचा नाही, हा त्याचा जुना नियम, आणि शस्त्रं खाली ठेवली म्हणून त्यानं तो बदललेला नाही. आणखी काही नियम वाटेत कळत गेले. वर्दीतल्या माणसाला लिफ्ट नाही, कितीही ओळखीचा असला तरी. १ मे २०१९ला कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला स्फोटात पंधरा पोलीस गेले, ते खासगी गाडीतून जात होते आणि गाडीचा ड्रायव्हरही त्यांच्याबरोबर गेला. मामानं ते एका वाक्यात सांगितलं आणि पुढचा अर्धा तास बोलला नाही. पोलीस ठाण्याचा, कॅम्पचा फोटो काढायचा नाही. रस्त्यात आडवं झाड असेल तर उतरून बाजूला करायला जायचं नाही, आधी मागे सरकायचं आणि कुणीतरी गावकरी येईपर्यंत थांबायचं. आणि साडेपाच वाजले की गाडी जिथं असेल तिथल्या गावात.

मग माझी हत्यारांची बॅग. मल्टिमीटर, वायरीची भेंडोळी, रिले, टायमर, दोन बॅटऱ्या. मामानं ती उघडून पाहिली आणि डोक्याला हात लावला. ‘साहेब, नाक्यावर हे पाह्यलं तर मले काय विचारतील?’ मला हसू आलं, पण बरोबर होतं. फ्रिजवाल्याची बॅग आणि भलत्या कुणाची बॅग यांत वरून फरक दिसत नाही. जिल्हा आरोग्य कार्यालयाचं पत्र माझ्याकडे होतं, पण सुटकेसच्या तळाशी. ते त्यानं प्लास्टिकमध्ये घालून बॅगेत सगळ्यात वर ठेवायला लावलं. नाकाबंदीला दोनदा बॅग उघडली गेली आणि दोन्ही वेळा मिनिटभरात मिटली.

आता इथं एक आगाऊ सल्ला. माझ्या पुण्याच्या मित्रानं परदेशातून आणलेला सॅटेलाइट मेसेंजर मला बळंच देऊ केला होता. बटण दाबलं की कुठूनही संदेश जातो. वस्तू चांगली असेल, पण दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय असली यंत्रं भारतात वापरता येत नाहीत, आणि असल्या भागात तर ती खिशात सापडणंच महागात पडेल. मामाची पद्धत स्वस्त आहे. आलापल्लीच्या दुकानात मालकिणीच्या वहीत लिहायचं, आज कुठवर. रेंज असलेल्या प्रत्येक गावातून तिला एक मिस्ड कॉल. संध्याकाळी सातपर्यंत शेवटचा आला नाही तर ती पुढच्या गावात फोन करते. आम्ही अडकलो त्या संध्याकाळी तिनं सव्वासातला आरोग्य केंद्राच्या शिपायाला फोन लावून खात्री केली. मामा कॉल द्यायला विसरला होता, म्हणून त्याला शिव्याही बसल्या.

पेरमिलीचं काम दुपारपर्यंत झालं. स्टॅबिलायझर विजेनं जळला होता, बदलला. पुढे निघालो आणि नाल्याला थांबलो. मोठा पूल बांधायचं काम चाललंय, बाजूनं तात्पुरता रपटा, म्हणजे पाइप टाकून वर मुरूम. पाणी रपट्यावरून जात होतं, चहाच्या रंगाचं. रपट्याची कड कळावी म्हणून चुना लावलेले दगड ठेवलेत. आमच्या बाजूचे दोन दिसत होते, पुढचे नाहीत.

मामानं इंजिन बंद केलं. झुडपातून बांबूची एक कामटी तोडली, दातानं खर्ऱ्याची पन्नी फाडून तिला बांधली आणि पाण्याच्या काठाला अशी रोवली की पन्नी बरोबर पाण्याला टेकेल. घड्याळ पाहिलं. मग गाडीच्या सावलीत उकिडवा बसला आणि नवा खर्रा मळायला घेतला. अरे हो, ऊन होतं. लख्ख ऊन. मी म्हटलं, ‘मामा, पाऊस तर थांबलाय.’

‘इथला थांबला. वरचा नाई थांबला.’

वीस मिनिटांनी पन्नी दिसेना. चार बोटं पाणी वर आलं होतं. लख्ख उन्हात, आवाज न करता. तेवढ्यात दोन पोरं मोटरसायकल ढकलत पाण्यात उतरली आणि कमरेपर्यंत भिजून पलीकडे गेलीसुद्धा. मी मामाकडे पाहिलं. माझ्या डोक्यात लाहेरीचा फ्रिज होता, आतल्या लशी होत्या, खोटं कशाला बोलू, घरी रविवारी पाहुणे येणार होते तेही होतं.

‘त्यायची गाडी सव्वाशे किलोची,’ मामा म्हणाला. ‘ढकलता येते. हे ढकलता का तुमी?’

दर अर्ध्या तासानं तो कामटी हलवायचा. चारला पाणी थांबलं, पण उतरेना. साडेचारला त्यानं गाडी वळवली आणि आम्ही पेरमिलीला मुक्कामाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काठावर, पुन्हा कामटी. सकाळी दगड तीन, बाराला चार, आणि दुपारी तीनला सहाही दगड उघडे पडले. तेव्हाही तो आधी चालत गेला, काठीनं मुरूम टोचत, खालून पोखरलाय का ते बघत. मग गाडी.

इथं ते अर्ध्या भाड्याचं कळलं. थांबलं तर मामाचं थोडं नुकसान आहे, पण उपास पडत नाही. ट्रिपवर चालणाऱ्या त्या पोराला थांबणं परवडतच नव्हतं. पोरगा बेपर्वा होता असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो. तो तसा असेलही, पण त्याच्या मालकानं हिशेबच तसा बांधून दिला होता. गाडी ठरवताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो की अडकलो तर पैसे कसे.

पेरमिलीच्या मुक्कामात एक गोष्ट पाहिली. या भागातल्या काही आरोग्य केंद्रांना लागून ‘माहेरघर’ असतं. नाल्यापलीकडच्या गावांतल्या बाया दिवस भरायच्या आधीच तिथं येऊन राहतात, कळा सुरू झाल्यावर पाणी उतरायची वाट बघण्यापेक्षा. मामाची भाची मागच्या वर्षी अशीच नऊ दिवस राहिली होती. त्यानं हे सांगितलं ते कामटीच्याच सुरात, जसं काही एकाच गोष्टीबद्दल बोलतोय.

झोपताना मामानं माझी मच्छरदाणी गादीखाली खोचली, चारही बाजूंनी, हॉटेलातल्या चादरीसारखी ताणून. मी खाली सतरंजीवर झोपतो म्हणालो, पाठ धरते म्हणून, तर त्यानं सरळ नाही म्हटलं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, सकाळी पापण्या उचलत नाहीत तेव्हा कळतं. नाग, घोणस, फुरसं निदान चावल्याचं कळवतात. बूट झटकणं, रात्री बॅटरीशिवाय न उठणं वगैरे सगळ्यांना माहीत असतं. मला आवडलं ते हे की चावलं तर कुठं न्यायचं याची यादी त्याच्या डोक्यात तयार होती, गाडी रस्त्याच्या कोणत्या भागात आहे त्याप्रमाणे. इथून पेरमिली, इथून पुढे हेमलकशाचा दवाखाना, तिथून पुढे भामरागडचं ग्रामीण रुग्णालय. १०८ला फोन करायला रेंज लागते, ती मधल्या पट्ट्यात नाही, म्हणून गाडीच अॅम्ब्युलन्स. जखम कापायची नाही, आवळून बांधायची नाही, हातपाय हलू द्यायचा नाही आणि निघायचं. हेमलकशाचा दवाखाना म्हणजे बाबा आमट्यांनी १९७३ साली सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा. सर्पदंशाचे आणि अस्वलानं फाडलेले रुग्ण तिथं वर्षानुवर्षं येतात. मी फ्रिजवाला म्हणून यात एक भर घालतो. सापाच्या विषावरची लस पावडरीच्या रूपात असेल तर थंड, कोरड्या जागेत फ्रिजबाहेरही टिकते, पातळ असेल तर फ्रिजच लागतो. आणि एका माणसाला सुरुवातीलाच दहा बाटल्या लागू शकतात. तेव्हा ‘लस आहे’ एवढं उत्तर पुरत नाही, किती आहे ते विचारावं. मामा विचारतो. केंद्रात गेल्यावर मी फ्रिज उघडतो आणि तो फार्मसिस्टला बाटल्या मोजायला लावतो.

भामरागडला पर्लकोटेच्या पुलावर पाच मिनिटं थांबलो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती तिथं एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून गेली की पलीकडचं गाव तुटतं, हे तिथं वर्षानुवर्षं चालत आलेलं. त्या दिवशी पाणी पुलाच्या बरंच खाली होतं. देखावा म्हणाल तर असा महाराष्ट्रात दुसरा नाही, पण फोटो काढायचा तर नदीचाच काढा, मामा आरशातून बघत असतो.

आरेवाड्याचं काम तासाभरात आटपलं, दाराचं रबर गेलं होतं. लाहेरीचा फ्रिज मात्र बंदच पडला होता. तिथल्या नर्सताईंनी लशी वेळेवर कोल्ड बॉक्समध्ये हलवल्या होत्या म्हणून वाचल्या. मी रिले बदलत असताना त्या बिनागुंड्याकडे निघायच्या तयारीत होत्या. चार आइसपॅकचं व्हॅक्सिन कॅरियर खांद्याला, हातात काठी, बरोबर आशाताई. त्या बाजूचा बराच रस्ता पायीच. माझ्या नाल्याच्या कौतुकाची गोष्ट मी त्यांना सांगणार होतो, ती गिळली.

अस्वलाचं म्हणाल तर पावसाळ्यात तेवढं नाही, मार्च-एप्रिलला मोहाच्या झाडाखाली खरा धोका, तेव्हा मामा उजाडल्याशिवाय गाडी काढत नाही आणि पायवाटेनं कुणाला लघवीलाही एकटं सोडत नाही. हत्ती ऑक्टोबर २०२१मध्ये छत्तीसगडकडून जिल्ह्यात आले. मला दिसले नाहीत, दिसू नयेत.

आता डास. २०१६ला याच भागातून परतल्यावर दहाव्या-अकराव्या दिवशी ताप आला. शहरातल्या डॉक्टरनं व्हायरल म्हणून पाच दिवस काढले. कुठून आलात असं त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, मला वाटलं दोन आठवड्यांपूर्वीचा प्रवास तो, त्याचा काय संबंध. फाल्सिपेरम मलेरिया निघाला. प्लेटलेट किती झाल्या होत्या ते बायको अजून पाहुण्यांना सांगते. राज्यातल्या मलेरियाचा फार मोठा वाटा या एकट्या जिल्ह्याचा असतो, हे मला, आरोग्य खात्याचे फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाला, ठाऊक असायला हवं होतं. आता मी डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घेतो, निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवडे. शेवटचे चार आठवडेच लोक गाळतात. गरोदर बाया आणि लहान मुलांना ही गोळी चालत नाही, त्यांनी वेगळं विचारावं. मामानं आलापल्लीत गाडीत बसण्याआधीच विचारलं होतं, गोळ्या चालू केल्या का, पाकीट दाखवा. पाकिटातल्या रिकाम्या खाचा मोजल्या त्यानं.

आता कापलेला स्टार. मागच्या सीटचे पट्टे कापून टाकलेत, माणसं जास्त बसवता यावीत म्हणून. जो माणूस कामटी रोवून अर्धा-अर्धा तास बसतो त्याच्या गाडीत पट्टे नसावेत हे मला पटलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. प्रथमोपचाराच्या डब्यात कापूस, एक वाळलेली मलमाची ट्यूब आणि मालकिणीच्या पोराच्या गोट्या. ट्यूबवरची तारीख वाचण्याइतपतही शिल्लक नव्हती. मी माझा डबा तिथं ठेवून आलो. पट्टे बसवतो म्हणालेत मालक. बसवले की पाचवा देईन, इथंच येऊन.

बुकिंगचं म्हणाल तर फोनवर पक्कं होत नाही. आदल्या दिवशी आलापल्लीला पोचा, चौकात टायरचं दुकान विचारा, तिसऱ्या माणसाला माहीत असतं. मामाच हवा असेल तर तसं आधी सांगा, इतर दोन ड्रायव्हरांबरोबर मी गेलेलो नाही. पैसे रोख. मी निघालो तेव्हा सुटे नव्हते, चारशे राहिले.

परतल्यावर दहाव्या दिवशी फोन आला, नंबर अनोळखी.

‘मामा बोलतो. ताप?’

‘नाही.’

‘गोळ्या?’

‘चालू आहेत.’

‘मंग ते चारशे पाठवा,’ म्हणाला आणि फोन ठेवला.